शेवळं आणि सायकल

नाय सर, उठू नका — बसा, भिंतीला टेका नीट. साधं पाणी नका पिऊ, पाण्यानं ती खाज जात नाय. हे आमसुलाचं घ्या, घोट घशात धरून ठेवा, लगेच गिळू नका. आणि बोलू नका हां, बोललात की जास्त टोचतं. मान हलवलीत तरी मला कळतं. अर्धा तास लागेल, फार तर पाऊण. शेवळाच्या रानभाजीनं आमच्या गावात अजून कोण मेलेला नाय, नुसते गप बसतात. तुमी मूळचे सोलापूरचे ना, समीक्षा बोलली मला — मग पहिल्यांदा खाणाऱ्याला असं थोडं लागायचंच. भाजी चांगलीच झालीय. पोरीच्या हातची हाय. समीक्षानंच केली, स्वतः, सकाळी उठून — मी तर चुलीकडं फिरकले पण नाय.

साडेअकराला येणार होतात ना तुमी? बघा, भिंतीवर तिनं लाल पेनानं लिहून चिकटवलंय, ‘सर — साडेअकरा’. आणि तुमी दहाला दारात! मास्तर माणूस लवकर येतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. पोर घरात नाय, परीक्षक दारात, आता आई काय करणार? ताट वाढणार. तुमच्या स्पर्धेच्या कागदावरच हाय की — ‘बिनखर्ची हिरवं घर’, आठवी ते दहावीची पोरं, दोन महिने, काही विकत न आणता घर हिरवं करायचं आणि तब्येत सुधारायची. आणि खाली चौकट, ‘विद्यार्थ्याने स्वतः बनवलेला पदार्थ’. मग तो पदार्थ नको का चाखायला? तुमी दुसरा घास घेतलात तो मात्र तुमच्या हौसेनं, तो माझ्यावर घालू नका.

हसू नका, हसलं तरी टोचतं.

तोवर दाखवते ना मी सगळं, बसल्या जागेवरनं दिसतं. ती खिडकीला टांगलेली पिशवी माझ्या जुन्या साडीची, तिनं शिवली. ती राख ठेवलीय ती भांडी घासायला. ती दोरी बघितलीत — नारळाच्या काथ्याची, तिच्यावर रोज दोनशे उड्या मारते, दोनशे! पहिल्या दिवशी शेळीनं दावं तोडलं घाबरून. आंघोळीला एक बादली, माणशी एकच. दुसरी घेतली की दारात उभी राहून मोठ्यानं बोलते, ‘दोन झाल्या!’ — अख्ख्या आळीला कळतं कोण किती बादल्या नाहलं. आणि नाचणी. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी नाचणीची भाकरी, परवा नाचणीचा केक, चुलीवर, वाळूच्या टोपात. तो केक आमच्या देवरामनं, म्हंजे तिच्या पप्पांनी, गाडीच्या चाकाखाली लावला, उतारावर. सरकली नाय गाडी.

तिच्या पप्पांची पिकअप हाय ना. गवत न्यायचं, विटा न्यायच्या, म्हशाच्या जत्रेला गुरं न्यायची. दिवसभर बसून पोट सुटलेलं. समीक्षा बोलली, पप्पा, रोज पाच हजार पावलं, फोनमध्ये मोजतं. तर पहिल्याच दिवशी नऊ हजार! पोर इतकी खूश झाली, टाळ्या वाजवल्या. आता काय सांगू — माणूस गाडीतनं खाली उतरला नव्हता. फोन खिशात, आणि फाट्यापासून आमच्या गावापर्यंतचा रस्ता असा की बसल्या बसल्या फोनला वाटतं माणूस धावतोय. मी बोलले त्यांना, गप बसा, पोरीला कशाला सांगता, आनंदात हाय ती. लिहू नका हे. लिहिताय? मी सहज बोलले, ते धरू नका.

अजून टोचतंय? गोड काय तरी तोंडात धरा, गूळ — गूळ संपला. थांबा, बिस्कीट देते. इथं, तांदळाच्या पिंपात, खालपर्यंत हात घालायला लागतो — हं, हे घ्या. ही वेफरची पाकिटं आली वर ती… ती पाहुण्यांसाठी हायत. पाहुणे म्हंजे असे अचानक आले तर. आता तुमी आलात, म्हंजे ठेवली ते बरोबरच ठेवली ना?

असं बघू नका हो. नाचणीनं पोट भरतं, जीभ नाय भरत. मी शेळीच्या गोठ्यात बसून खाते, तिच्यासमोर नाय खात. शेळीला पण एक देते.

एवढी कशाला धडपड म्हणाल तर पहिलं बक्षीस सायकल हाय. तुमाला माहीतच, तुमीच देणार. आता दहावी झाली तिची. अकरावीला शहापूरला जायचंय, सायन्स घ्यायचंय. आटगाव स्टेशन इथनं सहा किलोमीटर, पुढं गाडी हाय, पण स्टेशनपर्यंत जायचं कसं? जीप भरल्याशिवाय निघत नाय, आणि जीप भरेपर्यंत कॉलेजचा पहिला तास संपतो. तिचे पप्पा बोलले, दगदग कशाला, इथंच शिवणकाम शिक. तिनं गप कागद आणून तुमच्या स्पर्धेत नाव घातलं. दोन महिने झाले, माझी पोर एक रुपया न मागता स्वतःची सायकल कमावतेय. आता मला सांगा, आई नुसती हातावर हात ठेवून बघत बसेल?

नाय, त्या वेलाच्या मांडवाखाली नका जाऊ! तिथं — ऊन हाय. सावली हाय, पण ऊन येतं. आणि त्या दुधीला हात नका लावू सर, ओढू नका, तो अजून —

आला हातात. सुटला ना. सुटणारच.

दोरा. होय, दोऱ्यानं बांधलाय. आता तुमी तो दुधी असा धरून माझ्याकडं बघता तर काय लपवू. भांडी घासलेलं पाणी घालून घालून पोरीनं वेल चढवला, पानं ही एवढी हत्तीच्या कानासारखी, पण फळ नाय. रोज सकाळी उठून चूळ भरायच्या आधी बघायला जायची. आणि परत यायची ना, तो चेहरा मला बघवेना. मग शहापूरच्या बाजारातनं तीन दुधी आणले आणि उजाडायच्या आत बांधले. सकाळी ती आली, बघितलं, कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. आनंद झाला तिला! आईला कळतं. ते दोन आमी खाल्ले, हा शोभेला ठेवला.

काय लिहिलंत आता? कागद इकडं करा जरा. ‘पदार्थ — अयोग्य पद्धत, घसा…’ सर! पुढं शून्य हाय का हे? भाजीला शून्य? नाय नाय, खोडा ते. खोडा आधी, मी सांगते.

भाजी मी केली. बस्स, झालं सांगून. समीक्षानं नुसती शेवळं रानातनं आणली, निवडली, चिरली, आणि मला बजावून गेली की आई, मी काकडं घेऊन येईपर्यंत भाजीला हात लावू नको. काकडं म्हंजे काकडाच्या झाडाची फळं, आंबट, हिरवी, बोराएवढी. त्यांचा रस घातल्याबिगर शेवळाची खाज मरत नाय. आमच्याकडं शेंबड्या पोराला पण माहीत हाय हे. मला माहीत नव्हतं असं नाय, चाळीस वर्षं खातेय मी. पण तुमी दारात, पोर येईना, मला वाटलं चिंचेनं भागेल. नाय भागलं.

आणि काकडं घरात का नव्हती म्हणाल, तर ते झाड बाईजाकाकूच्या बांधावर. पलीकडचं घर. आणि बाईजाकाकूशी माझं बोलणं नाय, तीन आठवडे. तिच्या कोंबडीनं समीक्षाच्या खताच्या खड्ड्यातला मुळा उकरला, मी कोंबडीला बोलले, तिला वाटलं तिला बोलले. थोडं तिला पण बोलले होते. मग मी कशी मागू काकडं? पोर बोलली, तुमचं भांडण तुमच्याजवळ ठेवा, मी आणते, आणि गेली. म्हंजे बघा, ज्याला अक्कल होती तो माणूस घराबाहेर आणि मी घरात. शून्य मला घाला. माझ्यासाठी वेगळी चौकट आखा.

वही? ही समीक्षाची वही तुमच्याकडं कशी? आधीच जमा करायची होती? मला तर तिनं कधी हात लावू दिला नाय, बोलायची, प्रकल्पाची हाय, हळदीचा हात लागेल. कुठं वाचू — इथं? चष्मा नाय माझा, पण अक्षर मोठं हाय तिचं, सुंदर हाय ना अक्षर? ‘बारा मे. आज वेलाला तीन दुधी लागले. काल एकही फूल नव्हतं. दोरा आईच्या निळ्या ब्लाऊजचा आहे.’

…अगो बाई.

‘अठरा मे. पप्पांची पावलं खोटी आहेत, रस्त्याची आहेत. पप्पांना म्हटलं, फोन घरी ठेवू, आपण दोघं रोज सकाळी ओहोळापर्यंत चालू. आठवडा झाला, चालतो. पट्ट्याचं एक भोक आत आलं.’ — म्हंजे हे सकाळी दोघं जातात ते फिरायला जातात? मला वाटलं गाडी धुवायला! ‘चोवीस मे. वेफर. आई आधी रोज एक पाकीट खायची, आता आठवड्याला दोन. रिकामी पाकिटं गोठ्यात कौलामागे असतात, मी मोजते. शेळीला देऊ नये असं तिला कसं सांगू?’ — आता शेळीचं पण लिहिलं! आणि हे, ‘एक जून. वेलाला खरा दुधी लागला. अंगठ्याएवढा. आईला दाखवला नाही. ती त्यालाही दोरा बांधेल.’

सर, ती पानं फाडा. फाडा ना, मी कुणाला सांगणार नाय. कोण लिहितं असं स्वतःविरुद्ध? दोन महिने राबली आणि शेवटी स्वतःच्या हातानं सायकल घालवली. दुधी विकतचे म्हंजे नियम मोडला, मी मोडला, पण नाव तिचं. वाढलेलं ताट माझं, आणलेले दुधी माझे, झाकलेली पावलं पण मीच झाकली — मी जिथं जिथं मदत केली तिथंच हे सगळं मोडलंय, दिसतंय मला. तुमी मान कशाला हलवता? फाडणार नाय? बरं. मग निदान हे शेवटचं पान तरी — ‘घरच्यांचा सहभाग, विद्यार्थ्याने स्वतः गुण द्यावेत.’ आईला… बारा. विसातले बारा!

बारा? मी आंबील प्यायले, राखेनं भांडी घासली, एका बादलीत नाहले, केस धुवायच्या दिवशी सुद्धा — आणि बारा?

थांबा. विसातले बारा म्हंजे शंभरात साठ ना? साठ टक्के. फर्स्ट क्लास. मला दहावीला सत्तेचाळीस होते सर. तेवढे पण माझ्या बापानं गावभर सांगितलेले, पुढं काय शिकवलं नाय ते सोडा. साठ कोणी दिले नाय मला कधी. आणि हे खाली बारीक लिहिलंय ते काय… ‘आई चुकते पण थांबत नाही.’

धूर येतोय डोळ्यात. चूल विझलीय, तरी येतो, ओलं लाकूड हाय.

नका फाडू. राहू दे तशीच वही. तिनं लिहिलंय ते खरं धरा, जेवढे कापायचे तेवढे कापा. सायकल मिळाली तर ती खऱ्याची मिळू दे, नाय तर मी तिच्या पप्पांकडं बघते, ते ओहोळापर्यंत चालतात तर स्टेशनपर्यंत पण चालतील पोरीबरोबर.

काय लिहून दाखवता? ‘थांबतो. काकडं घालून केलेली भाजी बघायची आहे.’ आता हा घसा घेऊन? तुमी पण मास्तर काय कमी हट्टी नाय.

आली बघा, बांधावरनं येतेय, ओच्यात काकडं हायत. आणि मागनं ती — बाईजाकाकू! ती कशाला आली? माझी फजिती बघायला, दुसरं काय. नाय, असू दे, झाड तिचं, येऊ दे. सर, तुमी आता समीक्षाला काय विचारायचं ते विचारा, कागदावर लिहून विचारा, ती एकटी उत्तर देईल. मी मधे बोलणार नाय, तिच्या वतीनं तर नायच. ही इथं उंबऱ्यावर बसले. समजावून पण सांगणार नाय की ताट कसं वाढलं गेलं, घड्याळ कसं, चिंच कशी. काय नाय. गप.

ये गो. सर आलेत, लवकर आले.

काय? कढईतली भाजी कोणी केली?

मी. मी केली.