शुक्रवारी बोट नसते

(केरबा कोल्हापुरात, स्वयंपाकघरात. त्याचा मुलगा विश्वजित मालदीवच्या एका बेटावर, बोटीच्या धक्क्यावर. दोघं फोनवर.)

केरबा : मग हे काय लिवलंय तुझ्या आईनं कॅलेंडरवर? शनवार साडेसात, सोमवार अडीच. शुक्रवारी फुली.

विश्वजित : बोटीच्या वेळा आहेत, अण्णा. शुक्रवारी इथं सरकारी बोट नसते.

केरबा : जानेवारीपास्नं दर म्हयन्याला हाय.

विश्वजित : मीच सांगायचो. टॉवर दुरुस्त करायला या बेटावरनं त्या बेटावर जायचं तर बोटीशिवाय काही नाही. मी कधी पाण्यावर आहे ते तिला माहीत असलं की बरं वाटायचं.

केरबा : बत्तीस वर्सं मी एस्टी चालवली. नेसरी मुक्काम केला, गारगोटी केली. माझी गाडी कवा सुटती, हे कुठं लिवलं न्हाय तिनं.

विश्वजित : डबा वेळेवर भरून द्यायची ना? म्हणजे वेळ माहीतच होती तिला.

केरबा : ठावं असणं येगळं, लिवणं येगळं.

विश्वजित : अण्णा, ती जाऊन दोन महिने झाले. आता तिच्यावर जळताय?

केरबा : तिच्यावर न्हाय. तुझ्यावर.

विश्वजित : माझ्यावर कशाला?

केरबा : रोज पाऊण तास. मी भाईर बसलेलो असायचो आन् ही आत हसायची. माझ्याशी तू काय बोलायचास? जेवलात का, गोळी घेतली का. आजबी तेच इचारलंस.

विश्वजित : तुम्ही लगेच ‘ठेवू का’ म्हणता.

केरबा : मग काय इचारू? मला तिथलं काय ठावं हाय? काल झुंबरबाई आल्ती. म्हणती, तिकडं माले शहरात समुद्रावर पूल हाय, त्येच्यावरनं बस जाती. शेजारणीला ठावं आन् मला न्हाय. डायवर मी का ती झुंबर?

विश्वजित : आईनंच सांगितलं असणार तिला.

केरबा : हसू नगंस. कसली बस हाय?

विश्वजित : एसीची. दारं आपोआप उघडतात. कंडक्टर नसतो.

केरबा : मग घंटी कोन मारतंय?

विश्वजित : बटण असतं, उतरणाऱ्यानं दाबायचं. अण्णा, बोट लागली. ठेवतो.

केरबा : तिचा फोनबी असाच ठेवायचास?

विश्वजित : नाही.

केरबा : मग?

विश्वजित : ती ठेवू द्यायची नाही. बेट मागं पडलं की रेंज जाते, तोवर चालूच ठेवायला लावायची. इंजिनच्या आवाजात बोललेलं काही कळायचं नाही, तरी कानाला धरून बसायची.

केरबा : आन् तू?

विश्वजित : मीपण.

केरबा : हे मला कवा बोलली न्हाय.

विश्वजित : तुम्ही ओरडाल म्हणून.

केरबा : ओरडलो असतो. चढ बोटीत.

विश्वजित : चढलो. आता काही ऐकू येणार नाही, अण्णा.

केरबा : इंजिन येतंय की. मिसिंग मारतंय तुमचं, मधीच ठोका चुकतोय. सांग तिथल्या डायवरला.

विश्वजित : त्याला आपली भाषा येत नाही.

केरबा : मग ऱ्हाऊ दे. तूबी बोलू नगंस. नुसता धर.