जोकीमदादाचा ओला आवाज

(उत्तनचे पास्कल, बोटीच्या इंजिनांचे मेकॅनिक, यांनी सांगितलं तसं.)

आम्ही उत्तनचे, बाप दर्यावर जाणारा, आजा पण दर्यावर जाणारा, आणि आमच्या घरात पोरगं जरा मोठं झालं की जाळं विणायला शिकवायचे आणि कायतरी वाजवायला पण शिकवायचे, कारण मासळी न्हाय मिळाली तर लग्नात वाजवून जेवण तरी मिळेल. मला काय वाजवता आलं न्हाय. सूर कानात हाय पण बोटांत उतरत न्हाय, म्हणून मी इंजिनात शिरलो, पाना, डिझेल, ग्रीस, हेच माझं आयुष्य. वाजवणारा आमचा थोरला, जोकीमदादा. काय सांगू तुम्हाला, त्याची गिटार ऐकायला लोक न बोलावता लग्नाला यायचे.

आमचा मामा मोठ्या जहाजावर कामाला होता, त्याने एकदा एक कॅसेट आणली आणि एक व्हॉल्व्हवाला अँप्लिफायर, म्हणजे आत जुन्या रेडिओसारखे काचेचे दिवे असतात तो. कॅसेटवर नुसती गिटार, गाणारा कोण न्हाय, पण आवाज असा की तार छेडली की मागे पाणी ठिबकतंय, टप टप, आणि जोरात हात मारला की लाट खडकावर फुटतेय. मामा बोलला, तिकडे पोरं फळी घेऊन लाटांवर खेळतात, त्यांची ही गिटार. आम्ही हसलो, लाटेशी काय खेळायचं, लाटेतून सुखरूप घरी आलो तरी नशीब. पण दादा येडा झाला त्या आवाजाने. जाड तारा लावल्या, दिवसरात्र तेच. त्याला तो ओला आवाज बोलायचा, आणि मग किती वर्षं त्याने लग्नांत तोच वाजवला.

आता तो आवाज येतो कुठून, तर त्या अँप्लिफायरमध्ये एक लांबट पत्र्याचा डबा होता, आत बारीक लांब स्प्रिंगा. गिटारचा आवाज स्प्रिंगच्या एका टोकाने आत जातो, स्प्रिंग थरथरते, दुसऱ्या टोकाने बाहेर येतो तेव्हा भिजून येतो. एवढंच हाय ते. पण आमचा खारा वारा तुम्हाला ठाऊक हाय, खिडकीचे गज खातो, सायकल खातो, तर स्प्रिंगांना काय सोडतो. एक दिवस डबा उघडला तर आत नुसता गंज, आणि अँप्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर पण जळालेला. दादाने गिटार भिंतीला टांगली. कोणी विचारलं तर बोलायचा, सुके बोंबील विकतात, सुका सूर मी न्हाय वाजवणार. हट्टी माणूस, बापावर गेलाय.

मग त्याच्या पोरीचं, सिंथियाचं लग्न ठरलं. आमच्यात लग्नाच्या आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी आणतात, सगळं घर वाजतगाजत विहिरीवर जातं, बायका घागरी भरतात, त्या पाण्याने नवरी न्हाते. सिंथिया बोलली, पप्पा, पाण्याला जाताना तुमची गिटार पाहिजे, मला भाड्याचा बँड नको. दादा बोलला, तो आवाज आणून दे, वाजवतो. पोरगी माझ्या दारात येऊन रडली, काका, ते असंच बोलून टाळतात, तुम्ही कायतरी करा. मी विचार केला, पास्कू, आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिनं चालू केलीस, आता भावाचं कर.

शांती नगरातल्या एका दुकानातून डिजिटल पेडल आणलं, गिटारला जोडून पायाने दाबायचं यंत्र. दुकानदार बोलला, अंकल, सब साउंड इसमें है. दादाने दोन तारा छेडल्या आणि बोलला, हा बाथरूमचा आवाज हाय, दर्याचा न्हाय. परत केलं. मग भायंदरच्या एका मंडपवाल्याकडे जुना व्हॉल्व्हचा अँप्लिफायर मिळाला, कर्ण्यांना लावायचे तो, त्याचे कपॅसिटर बदलले, तापला की असा गोल आवाज देतो बघा. राहिल्या स्प्रिंगा. त्या कुठे मिळाल्या सांगू, भंगारवाल्याकडे एक मोडका इलेक्ट्रिक ऑर्गन पडला होता, मी पाठीमागून वाकून बघतो तर तोच पत्र्याचा डबा. भंगारवाला बोलला, चाचा, इसमें तो खाली तार है. मी बोललो, बेटा, उसी में समंदर है. त्याने डबा भंगाराच्या भावात काट्यावर टाकला.

डब्यासाठी वेगळी पेटी बनवली, तिला स्वतःचा छोटा व्हॉल्व्ह, म्हणजे स्प्रिंगांना नीट धक्का बसेल. आधी गिटार, मग स्प्रिंग, मग अँप्लिफायर, हा क्रम पाहिजे, उलटा केला तर आवाज गढूळ होतो. आणि मग मी काय केलं, आमच्याकडे बोटीवर लोखंडाची नवी वस्तू आली की पहिलं ग्रीस फासायचं, गंज नको म्हणून, हातालाच सवय हाय, तर मी त्या स्प्रिंगांना पण प्रेमाने ग्रीस फासलं, चांगलं जाड. दादाला बोलावलं. त्याने वाजवलं. ठप्प. गोधडीखालून कोणी बोलतंय असं. दादाने गिटार खाली ठेवली आणि निघून गेला, ते मला जास्त लागलं.

मी सगळं खोललं, सगळं तपासलं, कुठे चूक दिसेना. मार्था, माझी बायको, चहा घेऊन आली, माझे काळे हात बघितले, डबा बघितला आणि बोलली, देवळाच्या घंटेला ग्रीस लावून बघा, वाजते का. मी कपाळावर हात मारला, कपाळ पण काळं झालं. मग पेट्रोल आणि रंगाच्या ब्रशने एकेक वेढा धुतला, बोंबील वाळवायच्या बांबूवर डबा सुकवला, मांजर खाली बसून वाट बघतंय, त्याला वाटलं कायतरी पडेल. गंज नको म्हणून पेटीत तांदळाची पुरचुंडी ठेवली, मिठात टाकतो तशी.

पाण्याचा दिवस आला. हातगाडीवर अँप्लिफायर, पेटी, मागे जनरेटर, सगळं चालू. पोरीने हाताला धरून आणलेला दादा गिटार गळ्यात घालून उभा, पण बोटं तारांवर ठेवलेली, हलेनात. इतक्या वर्षांनी, सगळं गाव बघतंय, त्याच्या डोळ्यांत भीती होती, मी भाऊ हाय, मला कळते. बायका घागरी घेऊन पुढे निघाल्या, गाडी ढकलली, आणि चाक खड्ड्यात गेलं. धडाम. अहो, स्प्रिंगा आपटल्या, असा आवाज झाला की बांधावर वादळ आदळलं. म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली. मला वाटलं, संपलं, तुटल्या स्प्रिंगा.

आणि दादा हसायला लागला. बोलला, पास्कू, हीच ती लाट. आणि त्या लाटेच्या मागोमाग त्याने जाड तारेवरून असा हात सोडला, खाली सरसर, टप टप टप, ओला, पूर्ण ओला, माझ्या अंगावर काटा आला, आता सांगताना पण येतोय बघा. सिंथिया रस्त्यातच बापाच्या गळ्यात पडली तरी हा वाजवतोय. मग गाडीवाल्यांना बोलतो, खड्डे चुकवू नका. आमच्या रस्त्याला खड्ड्यांची काय कमी, विहिरीपर्यंत दर्या बरोबर आला.

सिंथिया आता इथेच जवळ, बेव्हर्ली पार्कात नांदते, सुखात हाय. दादा रोज संध्याकाळी वाजवतो, शेजारी ओरडतात, ओरडू दे. त्याची बोटं देव सांभाळो, स्प्रिंगा मी सांभाळतो. ग्रीस फक्त इंजिनाला.