गेलेल्या पलटणीचे कपडे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय ब्रिगेडियर साहेब, व्यासपीठावरील पुरवठाप्रमुख साहेब आणि त्यांच्या सौभाग्यवती, पलटणीतले जवान, त्यांच्या घरच्या मायबहिणी आणि मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसलेली मुलं, सर्वांना माझा नमस्कार.

आमचे हे एकतीस वर्षांनी पलटणीच्या लाँड्रीतून आज निवृत्त होत आहेत. सत्काराला उत्तर यांनीच द्यायचं. पण म्हणाले, "तूच बोल. मी कपडे धुतले, त्यात सांगायचं काय?" मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. लिहून आणलंय, बघून वाचते.

पुरवठाप्रमुख साहेब मघाशी म्हणाले की डोंगरातल्या चौकीवरून मित्रदेशाची माघार सुनियोजित होती. होती ना. त्यांची होती. सकाळच्या धुक्यात त्यांचे दोनशे जण तोफा, गाड्या आणि डॉक्टर घेऊन तीन तासांत गेले. हस्तांदोलन करून गेले, रीत सोडली नाही. मागे आपले साठ जण राहिले, त्यांत आमचे हे, आणि आदल्या दिवशी यांच्याकडे धुवायला टाकलेले त्यांचे एकशे चाळीस शर्ट.

यांनी ते धुतले. नेहमीच्या दोऱ्यांवर वाळत घातले. चौकीचे कमांडर धावत आले.

"अहो काका, पाणी पुरवून वापरायचंय! ही कोणाची धुणी काढलीत?"

"साहेब, घेतले होते धुवायला."

"ज्यांचे आहेत ते गेले की!"

"मला कोणी सांगितलं नाही, न धुताच परत द्या म्हणून."

अशा माणसाशी मी एवढी वर्षं संसार केलाय.

संध्याकाळी टेहळणीवरच्या शिपायाने कळवलं, की समोरच्या डोंगरावर शत्रूची दोन माणसं दिवसभर दुर्बिणीतून दोऱ्यांकडे बघत बसली आणि उठून गेली. कमांडर साहेब स्वतः दोऱ्यांपाशी जाऊन शर्ट मोजून आले. मग म्हणाले, "काका, उद्याही घाला. ते दोनशे अजून इथेच आहेत असं वाटू दे त्यांना."

उद्या धुवायला पाणी कुठलं? कोरडेच घाला, असं ठरलं. हे अडून बसले. कोरडा शर्ट वाऱ्यावर फडफडतो, ओला लोंबतो. ज्याच्या घरी आई आहे त्याला हे कळतं, आणि डोंगरावरच्यांनाही आया असतीलच. तेव्हा साठ जणांनी तोंड धुवायचं पाणी सोडलं. त्या दोन बादल्यांत यांनी रोज नुसत्या बाह्या आणि खालच्या कडा भिजवल्या. दोन बादल्यांत एकशे चाळीस शर्ट! घरी मी एका बादलीवरून बोलले तर तोंड फुगवणारा हाच माणूस. रोज जागा बदलायच्या. रविवारी दोऱ्या मोकळ्या, कारण ती मंडळी रविवारी धुणं टाकत नसत.

असे अकरा दिवस. मधे एकदा फोन आला. मी विचारलं, "कसं चाललंय?" म्हणाले, "कपडे जास्त आहेत." मी म्हटलं, "मग दमत असाल." म्हणाले, "हो." मी आपली देवाला नेहमीसारखे हात जोडून निजले. बाराव्या दिवशी आपली कुमक पोचली. साठच्या साठ घरी आले. देवाची कृपा, दुसरं काय म्हणू?

ब्रिगेडियर साहेबांनी याला अतुलनीय शौर्य म्हटलं. आम्ही ऋणी आहोत. शाल चांगली उबदार आहे.

पण साहेब, आमचा जावई नदीपलीकडच्या चौकीवर आहे. लेक तिसऱ्या रांगेत बसलीय, तिला सातवा महिना आहे. तिथूनही मित्रदेश या पंचवीस तारखेला निघतोय. तसं त्यांनी जाहीरच केलंय. त्या चौकीवरचा डॉक्टर त्यांचा, पाणी उपसायचं इंजिन त्यांचं, राखणीच्या गाड्या त्यांच्या. आपला डॉक्टर आणि आपल्या गाड्या तिथे कोणत्या दिवशी पोचणार, असं विचारत मी पुरवठाप्रमुख साहेबांकडे दोन अर्ज केले. दोन्हींना उत्तर आलं, विषय विचाराधीन आहे. विचार जरूर करावा. पण तिथे लाँड्री नाही, मुलं आपापले कपडे धुतात. आणि आमचे हे तर आज निवृत्त झाले.

पंचवीसच्या आधी, की नंतर? एवढंच सांगावं.

समारंभात असं विचारू नये, हे मला कळतं. वाचताना काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. अध्यक्षांचे, मंडप घालणाऱ्यांचे, चहा करणाऱ्या बायकांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. पुरवठाप्रमुख साहेबांचे तेवढे राहिलेत. ते तारीख सांगेपर्यंत मी इथेच उभी आहे.