वाक्य पुरं होईपर्यंत

हॅलो?… हॅलो, गुंड्या?… उचललास! आई सांगायची, "तीन रिंगा झाल्या की ठेवून द्यावा, समोरचं माणूस कामात असतं." आज नाही ऐकलं तिचं. चौदा वाजू दिल्या… हो रे, ताईच. दुसरं कोण करणार तुला फोन?

काही नाही… नाही, तब्येत बरी आहे. तुझा आवाज ऐकावासा वाटला, एवढंच. चार महिने झाले… मिळतात ना, मेसेज मिळतात. "जेवलो. तू?" "ठीक. काळजी घे." पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी! छापखान्यात प्रुफं तपासतोस ते ठीक, बहिणीलाही तसंच लिहायचं?… हसलास? हस बाबा. तेवढं तरी कानावर पडू दे.

इथे? इथे काय… हे गेल्यापासून भांडं वाजलं तरी दचकायला होतं. दिवसभरात माझ्याशी बोलणारी एकच बाई, लिफ्टमधली. "कृपया दार बंद करा." तीही रेकॉर्ड केलेली… खरंच सांगते. परवा मी तिला "हो गं" म्हणाले.

तू बोल ना… काय? मी तु… तुझ्याकडे येतो, असंच ना? ये की! मागची खोली झाडून ठेवते… नाही? मग? तु… तुटलंय? काय तुटलं? अगं बाई, हात?… हात नाही. बरं, सावकाश. तु… तुंबलीय का मोरी? मी सांगत होते, त्या प्लंबरला…

गुंड्या?… चिडलास का?… ऐकतेय. बोल.

…

काय म्हणालास?

अरे, मी मदत म्हणून… तू अडखळलास की पुढचं मीच बोलून टाकते. शाळेत पोरं हसायची ना तुला, तेव्हापासूनची सवय. मास्तरांनी तुला उभं केलं की मी वरच्या वर्गातून खिडकीशी येऊन उत्तर… हो. चुकीचं सांगायचे. हो, छडी तू खायचास.

म्हणून लिहितोस?… "मेसेजमध्ये माझं वाक्य कुणी पळवत नाही"… असं होय. आणि मी समजत होते, ताई नकोशी झाली.

काय?… ए, देवाला मध्ये आणू नकोस!… हो, पाळते. रोज पहाटे तासभर मौन. सतरा वर्षं, एक दिवस खंड नाही… "देवापुढे तासभर गप्प बसतेस, माझ्यापुढे मिनिटभर नाही"… वा! टोमणा बरा न अडखळता आला!

…खरं आहे रे. देव कुठे काही बोलायला जातो? तिथे गप्प बसणं सोपं.

बरं, वचन देते. तुझं वाक्य पुरं होईपर्यंत अक्षर काढणार नाही… "हं"सुद्धा नाही… पण मग मी आहे, हे कसं कळणार तुला? फोन कट झाला असं वाटेल… थांब. टेबलावर नख वाजवते. टक् झालं की समज, ताई आहे… लागू दे की वेळ. मला कुठे जायचंय?

हो. बोल.

…

टक्.

…

…

टक्.