कारण लिहायची जागा

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे व्यवस्थापक साहेब, सन्माननीय पाहुणे, कापणी, शिलाई आणि इस्त्री विभागांतल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आणि मानाची खुर्ची मिळूनही तिच्या कडेवरच टेकलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या टेपबाई!

आमच्या बाईंना गळ्यात मोजपट्टी नसताना कुणी पाहिलंय का? आजही हाराखाली आहेच बघा. असो. मला पाच मिनिटं दिलीत, त्यातलं एक तुमच्या हसण्यातच गेलं.

सात वर्षांपूर्वी बाईंनी मला शिलाई विभागाची सुपरवायझर केलं. माझे तेव्हाचे 'हे' इथेच इस्त्रीच्या टेबलावर होते. माझा पगार त्यांच्यापेक्षा जास्त झाला. पहिल्या महिन्यात त्यांनी ताट आपटलं, दुसऱ्या महिन्यात मला. मी रोज आधी माफी मागायची, मग भाजी वाढायची. माझं काय चुकलं होतं? देव जाणे! शेवटी बढती सोडायचा फॉर्म भरून बाईंकडे गेले. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'घरगुती अडचण'.

बाईंनी चष्मा चढवला. "कॉलरचं माप 'जरा मोठं' असं लिहिलेलं चालतं का गं आपल्याकडे? नीट लिही."

मी खोडून लिहिलं, 'माझा पगार जास्त आहे म्हणून नवरा मारतो.'

"आता मोठ्यानं वाच, आणि कर सही."

वाचलं, पण पेन काही पुढे सरकेना. हमसून हमसून रडले. बाई म्हणाल्या, "मारतो तो. पगाराला कशाला बोल लावतेस? उद्या माझ्या मागच्या खोलीचं भाडं हा पगारच भरणार आहे." त्याच संध्याकाळी लेकीला घेऊन मी बाईंच्या घरामागच्या खोलीत राहायला गेले. पोलिसांत तक्रार द्यायलाही बाई सोबत, मोजपट्टीसकट! हवालदार बिचारा सावरून बसला.

बाई, तो बिनसहीचा फॉर्म अजून माझ्याकडे आहे. उद्यापासून तुमच्या टेबलाशी मी बसणार. कुणी 'घरगुती अडचण' लिहून आणलं, की तिलाही नीट लिहायला लावीन. तुमची आठवण तर येणारच हो, रोज येणार.

अध्यक्षांनी घंटा न वाजवता बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना काही चुकलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. पगार जास्त असल्याची माफी मात्र तो फॉर्म लिहिल्यापासून मी कुणाकडे मागितलेली नाही.