कड्याची किल्ली

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. देवाचं नाव घेऊन झालं, आता तुम्हाला एक विचारतो. ज्याच्या अंगात शक्ती आहे, त्याला मोकळं सोडावं की बांधून ठेवावं? हे पुढचे काका म्हणतात, बांधा! मागून आवाज येतो, सोडा! दोघंही चुकलात – म्हणून तर आख्यान लावलंय!

ऐका. मेघवाड नावाचं एक राज्य होतं. तिथे मंत्र खरोखर चालायचे. मंत्र म्हटला की चढती नदी जागच्या जागी थांबायची. (आमचे पेटीवाले म्हणतात, मला तो मंत्र द्या, आधी पेटीचा फाटका भाता शिवतो!) पण झालं काय, दहिघाट गावात एका मांत्रिकानं भांडणाच्या रागात भिवबा कुंभाराचं घर पेटवलं. भिवबाची बायको आत होती. ती गेली.

राजा हादरला. मांत्रिकाला फाशी दिली, आणि हुकूम काढला – राज्यातल्या प्रत्येक मांत्रिकाच्या मनगटात कुलपाचं लोखंडी कडं! कडं असेपर्यंत मंत्र चालणार नाही. आणि किल्ल्या कुठे? राजधानीत, दिवाणाच्या कपाटात! अर्ज करा, मग बघू!

त्या मांत्रिकाची बहीण सगुणा. तीही मंत्र जाणणारी. तिनं कुणाचं वाकडं केलं नव्हतं, तरी कडं तिलाही. श्रावणात दहिघाटला नदी चढली. सगुणा काठावर उभी राहून मंत्र म्हणतेय, आणि पाणी काही ऐकत नाही. माणूस घोड्यावरून राजधानीला गेला, चौथ्या दिवशी परवानगी आणि किल्ली घेऊन आला. तोवर अकरा माणसं वाहून गेली होती. त्यात सगुणाची सात वर्षांची लेक होती. परवानगी मात्र आली हो, शिक्क्यासकट आली!

सगुणा चालत दरबारात गेली. सगळ्यांना वाटलं, ही कडं काढा म्हणणार. ती म्हणाली, "कडं राहू द्या महाराज. माझ्या भावानं काय केलं ते मी पाहिलंय. पण किल्ली गावात ठेवा. बुडायचं गावानं, मग उघडायचं की नाही हेही गावानंच ठरवावं."

शिवाय तिनं नियम सांगितला. कुलूप उघडलं, तर उघडणारा आणि मांत्रिक, दोघांनी दुसऱ्या दिवशी चावडीवर येऊन कारण सांगायचं. नाही उघडलं, तरी कारण सांगायचं! दिवाण हसला. म्हणाला, म्हणजे किल्ली हिच्याच मावशीकडे जाणार. राजानं विचारलं, कुणाकडे ठेवू?

"भिवबा कुंभाराकडे," सगुणा म्हणाली.

मंडळी, भिवबानं किल्ली घेतली, पण कशासाठी? हिचं कडं जन्मात उघडायचं नाही म्हणून!

पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा चढली. भिवबा किल्ली मुठीत धरून उभा. समोर ज्यानं घर जाळलं त्याची बहीण, खाली शेजाऱ्यांची घरं. तुम्ही काय केलं असतं? लगेच माना डोलावू नका, खरं सांगा! तेवढ्यात खालून लहान मुलांची रडारड ऐकू आली, आणि भिवबानं कुलूप उघडलं. शेवटचं माणूस टेकडीवर चढेपर्यंत सगुणानं नदी धरून ठेवली.

मग ती आली, आणि तिनं हात पुढे केला. भिवबा रडत होता. म्हणाला, "राहू दे पोरी. तुझ्यावर विश्वास बसला माझा."

"माझ्यावर बसला, काका. पण कायदा माझ्या एकटीसाठी नाही. उद्या दुसरा कुणी मांत्रिक येईल. लावा कुलूप, आणि सकाळी चावडीवर या."

भिवबानं कुलूप लावलं. सकाळी दोघं चावडीवर गेली.

मंडळी, मंत्र येत नाही म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका. कुणी घरात मोठा आहे, कुणी शाळेत मास्तर, कुणी पंचायतीत. सगळे म्हणतात, माझा हेतू चांगला आहे, मला कशाला विचारता? तर आता डोळे मिटा. तुमची सगळ्यात जास्त भीती कुणाला वाटते, त्याचं नाव मनात आणा. आलं ना पटकन? उद्या त्याच्यासमोर जाऊन बसा, आणि त्याला कारण विचारू द्या.