बांधावरचं गवत

वहिनी: हे पान बघा, भाऊजी. पंख्यासारखं मिटलंय. आणि हा शेंडा, कुणी पिळून ठेवल्यासारखा. बांधाकडच्या सगळ्या वेली अशाच.

दीर: पाणी कमी पडलं असेल, वहिनी.

वहिनी: पाण्यावर नका ढकलू. रोपवाटिकेच्या बाईंनी फोटो बघून सांगितलं, तणनाशक उडालंय. मग गेले तडक शेजारी, मास्तरीणबाईंकडे. म्हटलं, तुमच्या मक्यातलं औषध माझ्या द्राक्षांवर आलं.

दीर: काय म्हणाल्या?

वहिनी: दार लावून घेतलं. वीस वर्षांत पहिल्यांदा.

दीर: त्यांनी फवारलंच नाही, वहिनी. मका खुरपून घेतला यंदा.

वहिनी: तुम्हाला काय ठाऊक?

दीर: बघत होतो. तुमच्या बांधावरून.

वहिनी: माझ्या बांधावर काय करत होतात?

दीर: तुम्ही लेकीच्या बाळंतपणाला गेलात ना, तेव्हा जाताना म्हणालात, गवत गुडघाभर झालंय, साप दिसायचा नाही. म्हटलं, येईपर्यंत साफ करून ठेवू.

वहिनी: विळा नव्हता?

दीर: वाकवत नाही आता. पंप घेतला पाठीला.

वहिनी: आणि वारा?

दीर: बघितला की! पान हलत नव्हतं. म्हणून तर भर दुपारी मारलं.

वहिनी: अहो, तापलेल्या उन्हात त्या औषधाची वाफ होते. ती वाऱ्याची वाट बघत बसत नाही. डब्यावर लिहिलेलं असतं.

दीर: चष्मा घरी होता.

वहिनी: चष्म्याबरोबर अक्कलही घरीच राहिली.

दीर: बोला, अजून बोला. चार दिवस घास उतरत नाही. दादा असता तर थोबाडीत दिली असती.

वहिनी: ते? त्यांनी पंप उचलून दिला असता तुमच्या पाठीवर. भावाभावांचं एकच डोकं.

दीर: मरतील का हो वेली?

वहिनी: नाही मरायच्या. खालून नवी पानं नीट फुटतायत. पण यंदाचे घड काढून टाकायचे. पहिलंच फळ होतं.

दीर: मी काढतो. तुम्हाला नाही बघवायचं.

वहिनी: तुम्ही कात्री लावाल तर नेमकी चांगली फांदी कापाल. टोपली धरा फक्त. आधी मास्तरीणबाई.

दीर: मी एकटा जातो. चूक माझी.

वहिनी: चूक तुमची, जीभ माझी. दोघं जाऊ.

दीर: दार नाही उघडलं तर?

वहिनी: पायरीवर बसू. हाकलायला तरी बाहेर येतील.